समुद्रकिनारा, हवापालट आणि सुटीचा हक्क
(इतिहासाचा एक अभ्यासपाठ)

इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात लढाया असतात, तह असतात, राजघराण्यांच्या वंशावळी असतात. माणसाने विश्रांती कधी घेतली, कोठे घेतली आणि कोणाच्या श्रमावर घेतली, याचा पाठ त्यात सहसा नसतो. वास्तविक कोणत्या समाजात कोणाला रिकामा वेळ मिळतो, यावरून त्या समाजाची रचना जितकी स्पष्ट दिसते, तितकी ती राजाच्या सनदेवरूनही दिसत नाही.

निवासी शाळेत दिवाळीनंतर सहलीचा विषय निघाला की मुलांची पहिली मागणी समुद्राची असते. पेठ, सुरगाणा, निफाड, येवला, नांदगाव अशा तालुक्यांतून आलेल्या या मुलांनी गोदावरी पाहिलेली असते, धरणाचे पाणी पाहिलेले असते. समुद्र मात्र बहुतेकांनी चित्रातच पाहिलेला असतो. पालकांपैकी काहीजण मात्र विचारतात, "गुरुजी, पाणी पाहायला एवढा खर्च कशाला?" शेतमजुरी करून, वीटभट्टीवर राबून, नाक्यावर उभे राहून मुलांना शिकविणाऱ्या माणसाने विचारलेला हा प्रश्न आहे, तो हसून सोडून देण्याजोगा नाही. त्याचे उत्तर इतिहासातून द्यावे, या हेतूने आम्ही हा पाठ स्मरणिकेसाठी सिद्ध केला आहे.

समुद्र औषध कसा झाला?

समुद्राच्या काठी माणूस हजारो वर्षे राहत आला आहे. पण तो मासे धरण्यासाठी, मीठ पिकविण्यासाठी आणि व्यापारासाठी. केवळ आनंदाकरिता समुद्रावर जाणे ही श्रीमंतांची रीत होती. रोमन साम्राज्यातील धनिकांनी नेपल्सजवळच्या बाइए या गावी आपले प्रासाद बांधले होते. आज आपण ज्याला समुद्रकिनाऱ्यावरचे पर्यटनस्थळ म्हणतो, त्याचा जन्म मात्र अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये झाला, आणि तोही वैद्यकाच्या आधाराने.

डॉ. रिचर्ड रसेल या वैद्याने ग्रंथींच्या विकारांवर समुद्राचे पाणी उपयुक्त असल्याचा प्रबंध लिहिला. त्याचे इंग्रजी भाषांतर १७५२ मध्ये प्रसिद्ध झाले. रोग्यांनी खाऱ्या पाण्यात बुडी मारावी, इतकेच नव्हे तर ते प्यावे, असा त्याचा सल्ला होता. ज्या लहानशा कोळीगावात त्याने आपला व्यवसाय मांडला, ते ब्रायटन होय. १७८३ मध्ये इंग्लंडचा युवराज तेथे प्रथम आला. पुढे राजा झालेल्या या चौथ्या जॉर्जसाठी जॉन नॅश या वास्तुशिल्पज्ञाने १८१५ ते १८२२ या काळात घुमट आणि मिनार असलेला, हिंदुस्थानी धाटणीचा राजवाडा उभारला. राजा आला म्हणून सरदार आले, सरदार आले म्हणून व्यापारी आले, आणि कोळ्यांचे गाव हवा खाण्याचे शहर झाले.

या ब्रायटनच्या भरभराटीत आपल्याकडच्या एका माणसाचा वाटा आहे. पाटण्यास १७५९ मध्ये जन्मलेला दीन महंमद ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करातून पुढे आयर्लंडला व तेथून इंग्लंडला गेला. त्याने १८१० मध्ये लंडनमध्ये हिंदुस्थानी खाद्यगृह काढले. ते चालले नाही. १८१४ च्या सुमारास तो ब्रायटनला आला आणि वाफेचे स्नान व चंपी यांचे गृह चालवू लागला. चौथा जॉर्ज व त्याच्यानंतरचा चौथा विल्यम या दोन्ही राजांनी त्याची आपल्या सेवेत नेमणूक केली. आपल्या चंपीचाच इंग्रजीत 'शाम्पू' झाला. साहेबाच्या विश्रांतीमागे हिंदी माणसाचे हात होते, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावी.

रेल्वे, गिरणी आणि एक आठवड्याची मोकळीक

राजाचा किनारा सामान्य माणसाचा झाला तो रेल्वेमुळे. लंडन ते ब्रायटन हा लोहमार्ग १८४१ मध्ये पूर्ण झाला. उत्तरेकडे लँकेशायर परगण्यातील ब्लॅकपूल या गावी १८४६ मध्ये रेल्वे पोहोचली. लँकेशायर म्हणजे कापडगिरण्यांचा मुलूख. तेथे एक जुनी प्रथा होती. प्रत्येक गावाच्या जत्रेच्या आठवड्यात त्या गावातील गिरण्या एकदम बंद राहत. आज एका गावचा आठवडा, पुढे दुसऱ्या गावचा. कामगार वर्षभर आठवड्याला थोडे थोडे पैसे भिशीसारख्या मंडळीत साठवीत आणि जत्रेच्या आठवड्यात बायकामुलांसह ब्लॅकपूलला जात. शेजारी तेच, गल्ली तीच. फक्त भोंग्याच्या जागी समुद्राची गाज. या गर्दीच्या जोरावर १८९४ मध्ये ब्लॅकपूलचा पाचशे फुटांहून उंच मनोरा उभा राहिला.

पण या सुटीचा पगार मिळत नव्हता. सुटी म्हणजे त्या आठवड्याची मजुरी बुडणे. १८७१ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये काही सार्वजनिक सुट्या ठरविल्या. पगारी सुटीचा कायदा होण्यास १९३८ साल उजाडावे लागले. म्हणजे समुद्राची हवा औषधी आहे असे सांगणाऱ्या पुस्तकापासून, त्या हवेसाठी कामगाराला पगारी दिवस मिळेपर्यंत १८६ वर्षे गेली. किनारा निसर्गाने दिला, गाडी भांडवलाने दिली. वेळ मात्र कामगाराला झगडून मिळवावा लागला.

आपल्याकडील हवापालट

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. मराठीत यासाठी एक नेमका शब्द आहे: हवापालट. आजारातून उठलेल्या माणसाला डॉक्टर हवापालट करण्यास सांगत, आणि ज्याला परवडे तो ती करी. मुंबईच्या धनिकांनी त्यासाठी दोन दिशा धरल्या. एक दिशा घाट चढून वर येण्याची. आपल्या नाशिकजवळचे देवळाली हे त्याचे उदाहरण. १८६१ मध्ये तेथे लष्करी छावणी झाली. पुढे पारशी व गुजराती समाजांची आरोग्यधामे तेथे उभी राहिली. बोटीची वाट पाहत येथे खोळंबलेल्या गोऱ्या सैनिकांची मनःस्थिती इतकी बिघडे, की इंग्रजी बोलीत 'डुलाली' हा शब्द वेडसर या अर्थाने रूढ झाला.

दुसरी दिशा समुद्राची. उत्तरेस डहाणू, बोर्डी, घोलवड; दक्षिणेस अलिबाग, मुरूड, दापोली, हर्णे. अलिबाग हे आंग्र्यांच्या आरमाराचे ठाणे. ओहोटीच्या वेळी पायी जाता येईल इतक्या अंतरावर समुद्रात कुलाबा किल्ला उभा आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येऊ घातल्यामुळे कुलाबा येथील चुंबकीय वेधशाळेच्या कामात व्यत्यय येणार होता. म्हणून १९०४ मध्ये ती वेधशाळा अलिबागला हलविण्यात आली. जे गाव यंत्रांना शांत वाटले, ते मुंबईच्या माणसांनाही शांत वाटले, यात नवल नाही. गोव्यात तर एप्रिल-मेमध्ये अनेक ख्रिस्ती कुटुंबे समुद्रकाठी झोपड्या किंवा घरे घेऊन राहत व खाऱ्या पाण्यात स्नाने करीत. या प्रथेला पोर्तुगीज शब्दावरून 'मुदांस', म्हणजे बदल, असे नाव होते. कळंगुटचा किनारा विदेशी पर्यटकांना ठाऊक होण्यापूर्वीपासून गोवेकरांना ठाऊक होता, तो असा.

स्वातंत्र्योत्तर काळात हा प्रवाह वाढला. १९७५ मध्ये महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ स्थापन झाले, १९९७ मध्ये सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, आणि २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे राष्ट्राला अर्पण झाली. कालपर्यंत जो चाकरमानी गणपतीला एस.टी.च्या टपावर सामान बांधून गावी जात असे, त्याच्याच गावी आज इतरांची मुले सुटी घालविण्यास येतात.

किनारा पाहणाऱ्याला स्वर्ग वाटतो, परंतु त्यावर राहणाऱ्याचा इतिहास निराळा असतो. चिकूच्या वाड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या डहाणू परिसरात वारली आदिवासी जमीनदारांच्या शेतावर वेठीने राबत होते. १९४५ मध्ये शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला. अलिबागजवळच्या चरी गावी कुळांनी खोतांविरुद्ध १९३३ ते १९३९ असा दीर्घ संप केला. नारायण नागू पाटील हे त्याचे नेते, डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वतः चरीला गेले होते, आणि १९३७ मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. ज्या रस्त्याने आज पर्यटकांच्या मोटारी जातात, त्या परिसरात सहा वर्षे शेते पडीक ठेवून माणसे उपाशी राहिली. कोकणचे सौंदर्य पाहताना हेही पाहावयास हवे.

रत्नागिरीचे उदाहरण तर आम्हा बौद्धांना विशेष विचार करावयास लावणारे आहे. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा यास इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत केले व १८८६ पासून रत्नागिरीत नजरकैदेत ठेवले. हा बौद्ध राजा तीस वर्षे अरबी समुद्राकडे पाहत राहिला आणि १९१६ मध्ये तेथेच मरण पावला. त्याचा राजवाडा आज सहलींच्या यादीत असतो. तेथील वाऱ्याची सर्वजण स्तुती करतात. पण थिबाला तेथे राहण्याची इच्छा होती काय, हा प्रश्न विद्यार्थ्यांनी स्वतःस विचारावा. एकाच जागी एकाची सुटी असते आणि दुसऱ्याची कैद असते.

सुटी कोणाला होती?

एकोणिसाव्या शतकात मुंबईचे शेटजी हवापालटास जात होते, तेव्हा त्यांच्याच गिरण्यांतील कामगारांना आठवड्याची सुटीही नव्हती. उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत काम, आणि सणाच्या दिवशी जी काय मोकळीक मिळेल ती. सत्यशोधक चळवळीतील नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन ही कामगारांची संघटना उभारली. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन त्यांनी सादर केले. त्यातील एक प्रमुख मागणी आठवड्याच्या सुटीची होती. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. आज आपण रविवार उपभोगतो तो पंचांगातून आलेला नाही; तो महात्मा फुल्यांच्या एका सहकाऱ्याने मिळवून दिलेला आहे.

पगारी रजेचा प्रश्न यानंतरही राहिलाच. १९३६ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने त्यासंबंधी ठराव केला. भारतात तो कायद्यात आला तो बाबासाहेबांच्या हातून. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्या कारकीर्दीत १९४५ मध्ये कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली आणि बारमाही कारखान्यात एक वर्ष सलग काम केलेल्या प्रौढ कामगारास १० दिवसांची, तर बालकामगारास १४ दिवसांची पगारी रजा मिळाली. पुढच्याच वर्षीच्या दुरुस्तीने या कारखान्यांतील आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. इंग्लंड व भारत यांच्या पगारी रजेच्या कायद्यांत अंतर पडले ते अवघ्या सात वर्षांचे. हे कोणाच्या कर्तृत्वाने घडले, ते आपल्या मुलांना माहीत असले पाहिजे.

बाबासाहेबांनी हे केवळ कामगारांची दया येऊन केले नाही. त्यामागे तत्त्व होते. १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, काँग्रेस व गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले याची चिकित्सा करणाऱ्या ग्रंथात त्यांनी यंत्र व फुरसत यांचा संबंध मांडला आहे. पशू आपले आयुष्य पोट भरण्यात घालवितो. माणसाला मन आहे, आणि मनाची मशागत करावयाची तर त्याला फुरसत हवी. यंत्राने श्रम वाचवून ती सर्वांना मिळवून दिली पाहिजे, असा त्या विवेचनाचा आशय आहे. म्हणजे फुरसत ही चैन नसून संस्कृतीची पूर्वअट आहे. वाचनाला, विचाराला, संगीताला, मित्रांशी बोलण्याला वेळ लागतो. ज्या समाजाचा सगळा वेळ दुसऱ्यांनी वापरून घेतला, त्याला अडाणी म्हणून हिणविणे हा दुहेरी अन्याय होय.

येथे पालकांच्या प्रश्नाचा अर्धा भाग सुटतो. सहल हा उधळपट्टीचा खर्च नाही. ज्या सुटीसाठी आपल्या पूर्वजांनी सह्या केल्या, संप केले, कायदे केले, त्या सुटीचा योग्य उपयोग म्हणजे सहल. उरलेला अर्धा भाग मात्र कठीण आहे. शेतमजूर, ऊसतोड कामगार, घरकाम करणाऱ्या भगिनी, नाक्यावरचे बांधकाम मजूर यांना आजही १९४५ च्या त्या कायद्यासारखे संरक्षण प्रत्यक्षात मिळत नाही. त्यांचा खाडा म्हणजे उपास. आमच्या शाळेतील कितीतरी मुलांचे आईवडील या वर्गातील आहेत. मुलगा सहलीला जातो त्या दिवशी आई दुसऱ्याच्या बांधावर असते. ही विषमता मुलाला जाणवू द्यावी. ती लपविल्याने सहल अधिक आनंदाची होत नाही.

किनारा कोणाचा?

वेळ मिळाला, पैसाही मिळाला, तरी पाण्यापर्यंत जाऊ दिले जाईलच असे नाही. हा अनुभव आपल्यापुरता नाही.

अमेरिकेतील शिकागो शहरात २७ जुलै १९१९ रोजी युजीन विल्यम्स नावाचा सतरा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा मिशिगन सरोवरात तरंगत असता गोऱ्यांच्या मानल्या गेलेल्या किनाऱ्यासमोर गेला. पाण्यावर रेघ नव्हती. ती माणसांच्या मनात होती. काठावरून दगड मारण्यात आले आणि तो बुडून मरण पावला. त्यातून उसळलेल्या दंगलीत ३८ माणसे मारली गेली. मिसिसिपी राज्यातील बिलॉक्सी येथे डॉ. गिल्बर्ट मेसन यांनी १४ मे १९५९ रोजी काही सहकारी व मुले यांच्यासह निषिद्ध किनाऱ्यावर समुद्रात प्रवेश केला. २४ एप्रिल १९६० रोजी अशाच सत्याग्रहींवर गोऱ्या जमावाने लाठ्याकाठ्यांनी हल्ला केला. न्यायालयाच्या निर्णयाने तो किनारा सर्वांना खुला होण्यास १९६८ साल उजाडले. दक्षिण आफ्रिकेत १९५३ च्या कायद्याने सार्वजनिक स्थळे वर्णानुसार विभागता येत. दरबानच्या किनाऱ्यावर कोणी कोठे पोहावे याचे फलक असत. तो कायदा १९९० मध्ये रद्द झाला.

हे वाचताना महाडचे चवदार तळे कोणाच्या डोळ्यांपुढे उभे राहणार नाही? २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी त्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. मेसन यांच्या सत्याग्रहापूर्वी बत्तीस वर्षे! पाण्याला स्पर्श करणे हीच दोन्हीकडे बंडाची कृती ठरली. आणखी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सत्याग्रह परिषदेसाठी बाबासाहेब व त्यांचे सहकारी मुंबईहून 'पद्मावती' बोटीने निघाले आणि दासगाव बंदरात उतरून महाडला चालत गेले. मोटारवाल्यांनी त्यांना नेण्याचे नाकारले होते. रस्ता अडविला गेला तेव्हा समुद्राने वाट दिली. जो खारा समुद्र कोणाच्या मालकीचा नव्हता, त्यावर सवर्णांना पहारा बसविता आला नाही. जे गोडे तळे सार्वजनिक होते, त्यावर मात्र पहारा होता. आपल्या नाशिकमध्ये २ मार्च १९३० पासून काळाराम मंदिराचा जो सत्याग्रह चालला, तोही सार्वजनिक स्थळावरील समान हक्काचाच लढा होता.

कोकणकिनाऱ्यावरील आपला इतिहास

दापोली हे निसर्गरम्य ठिकाण म्हणून प्रसिद्ध आहे. समुद्र जवळ आणि हवा थंड, म्हणून इंग्रजांनी तेथे छावणी केली. गावाला 'कॅम्प दापोली' हे नाव त्यामुळेच पडले. येथे निवृत्त सैनिकांची वसाहत होती, आणि त्यांत महार सैनिकही होते. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर १८८६ मध्ये लष्करातून निवृत्त होऊन दापोलीत राहिले. त्यांनी 'विटाळ विध्वंसन' लिहून अस्पृश्यतेवर प्रहार केला आणि अनार्य दोषपरिहारक मंडळी स्थापन केली. सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर काही काळ येथेच होते. त्यांचे मूळ गाव आंबडवे शेजारच्या मंडणगड तालुक्यात आहे. माता रमाई दापोलीजवळच्या वणंदच्या. त्यांचे वडील दाभोळ बंदरातून मासळीच्या टोपल्या डोक्यावरून बाजारात वाहून नेत. त्या बंदरावर आज लोक खाडीची शोभा पाहण्यास जातात. शोभा खरीच आहे. पण त्या धक्क्यावर रमाईच्या वडिलांच्या पाठीचा घाम सांडला आहे, हे आपल्या मुलांनी जाणून तेथे उभे राहावे.

याहून मागे गेलो तर हा किनारा बौद्धांचा होता. सोपारा हे प्राचीन बंदर. तेथे सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा मिळाला, आणि १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूप उत्खननातून उजेडात आणला. रायगड जिल्ह्यातील कुडे, साष्टीवरील कान्हेरी, दापोली तालुक्यातील पन्हाळेकाजी ही लेणी खाड्यांच्या व व्यापारी वाटांच्या आसऱ्याने कोरली गेली.

या सर्वांचा दुवा आपल्या नाशकातच आहे. त्रिरश्मी डोंगरावरील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. आपण भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन व शूर्पारक या ठिकाणी प्रवाशांसाठी चौसोपी धर्मशाळा बांधल्या, विहिरी व तळी खोदली, तसेच इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा व डाहणुका या नद्यांवर नावेने फुकट उतार ठेवला आणि त्यांच्या दोन्ही काठांवर पाणपोया घातल्या, असे तो सांगतो. गोवर्धन म्हणजे नाशिकचा परिसर, शूर्पारक म्हणजे सोपारा, डाहणुका म्हणजे डहाणूची नदी. उषवदाताने ब्राह्मणांनाही दाने दिली आणि लेणे भिक्षुसंघास दिले. त्याचा हेतू पुण्याचा असेल; परंतु परक्या गावी आलेल्या माणसाला छप्पर, पाणी आणि पैलतीर मिळाला पाहिजे, ही जाणीव आपल्या डोंगरावर कोरलेली आहे. ज्यांना पुढे शतकानुशतके धर्मशाळेच्या ओसरीवरही टेकू दिले नाही, त्यांच्या वंशजांनी हा लेख वाचावा, याला फार अर्थ आहे.

समुद्राची आमची पहिली ओळख

आमच्या समाजातील विदर्भ, मराठवाडा, खानदेश येथील लक्षावधी माणसांनी समुद्र प्रथम पाहिला तो सुटीत नव्हे, तर ६ डिसेंबरला. ७ डिसेंबर १९५६ रोजी दादर चौपाटीवर बाबासाहेबांना अखेरचा निरोप देण्यात आला, आणि तेव्हापासून चैत्यभूमीच्या दर्शनाला गेलेला माणूस रांगेतून बाहेर पडल्यावर समुद्रासमोर येतो. भाकरीचे गाठोडे सोडून तो वाळूवर बसतो, पाण्यात पाय घालतो, लहानग्यांना लाट दाखवितो. इतरांच्या लेखी समुद्र म्हणजे मौज. आपल्या लेखी त्यात कृतज्ञताही मिसळलेली आहे. या दोहोंत विरोध मानण्याचे कारण नाही.

भगवान बुद्धांनी संघाला महासागराची उपमा दिली. गंगा, यमुना, अचिरवती या नद्या सागरास मिळाल्यावर आपली पूर्वीची नावे टाकतात, तसे चारही वर्णांतील माणसे संघात आल्यावर आपले नाव-गोत्र टाकतात. बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूर येथील भाषणात या उपमेचे स्मरण दिले. गर्दीच्या किनाऱ्यावर भरतीच्या पाण्यात उभ्या असलेल्या माणसांकडे पाहावे. घोट्यापर्यंतच्या पाण्यात कोणाची जात दिसत नाही. किनाऱ्यावरून परत रस्त्यावर आल्यावरही ती दिसू नये, एवढे काम शिल्लक आहे.

सहलीला जाताना

शेवटी थोडे व्यवहाराचे. समुद्र सुंदर आहे तसा निष्ठुरही आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूड येथे पुण्याहून सहलीस आलेले विद्यार्थी बुडाले, ही घटना कोणत्याही शिक्षकाने विसरू नये. भरती-ओहोटीची वेळ गावातल्या कोळीबांधवांना विचारावी. ते 'आज नको' म्हणाले तर पाण्यात उतरू नये. गुडघ्याच्या वर पाणी जाऊ देऊ नये. एका शिक्षकामागे मुले किती, हे शाळेतून निघण्यापूर्वीच ठरवावे.

कोळीवाडा हे प्रेक्षणीय स्थळ नाही, ते कोणाचे तरी घर आहे. वाळत घातलेल्या जाळ्यांवर पाय देऊ नये. जेथे उतरू तेथे ताटे उचलणाऱ्याचे नाव विचारावे. आपला कचरा परत आणावा. मंडणगड तालुक्यातील वेळास येथे समुद्री कासवांच्या संवर्धनासाठी गावकरी पुढे आले. कासवांची पिल्ले समुद्राकडे जाताना पाहण्यास येणारे पाहुणे गावातल्या घरांतूनच उतरतात. पर्यटकाचा पैसा गावाच्या चुलीपर्यंत पोहोचावा आणि निसर्गही टिकावा, हा मार्ग अनुकरणीय वाटतो.

माजी विद्यार्थ्यांस आमचे एक सांगणे आहे. आपल्यापैकी अनेकजण आज नोकरीत आहेत, पगारी रजा घेतात, कुटुंबासह कोकणात, गोव्यात जातात. अवश्य जावे, त्यात संकोच करण्यासारखे काही नाही. परंतु पुढच्या वेळी जाताना गावाकडच्या आईवडिलांना बरोबर घ्यावे. ज्यांनी आयुष्यात एकही पगारी रजा पाहिली नाही, त्यांना समुद्र दाखविणे हे आपले देणे आहे. आणि ज्याला शक्य असेल त्याने शाळेतील एका मुलाच्या सहलीचा खर्च उचलावा. उषवदाताने नदीवर फुकट नाव ठेवली होती. आपण एका मुलाचे तिकीट काढावे.

"पाणी पाहायला एवढा खर्च कशाला?" या प्रश्नाचे आमचे उत्तर असे आहे: ते पाणी पाहण्याचा वेळ, तेथवर जाण्याची वाट आणि त्याला स्पर्श करण्याचा हक्क, या तिन्ही गोष्टी आपल्या माणसांनी लढून मिळविल्या आहेत. मिळविलेला हक्क वापरला नाही तर तो कागदावरच राहतो.

स्वाध्याय

१. आपल्या घरात पगारी रजा कोणाला मिळते व कोणाला मिळत नाही, याची यादी करा. न मिळण्याचे कारण लिहा.
२. लँकेशायरच्या गिरणी कामगारांची जत्रेच्या आठवड्याची सुटी आणि मुंबईच्या कामगारांची रविवारची सुटी यांची तुलना करा.
३. शिकागो, बिलॉक्सी व महाड येथील घटनांत समान काय व भिन्न काय, ते सांगा.
४. त्रिरश्मी लेण्यांना भेट देऊन दहाव्या लेण्यातील उषवदाताचा लेख कोठे आहे ते पाहा. त्यात उल्लेखिलेली ठिकाणे आजच्या नकाशावर दाखवा.
५. आपल्या आजी-आजोबांनी समुद्र प्रथम केव्हा पाहिला, हे त्यांना विचारा आणि त्यांच्याच शब्दांत लिहून वर्गात वाचून दाखवा.

जय भीम!